एका चिकट माणसाची गोष्ट

सुरुवातीलाच सांगून टाकते. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होते, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आजीशी बोलायचं मराठी. मासिकाच्या मराठी विभागात लिहायची ही पहिलीच वेळ. ह्रस्व-दीर्घ मैत्रिणीकडून तपासून घेतलेत, तरी काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या. या विभागात दरवर्षी विश्वेश्वरय्या, कलाम आणि टाटा यांच्यावर लेख येतात. यायलाच हवेत. पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो माणूस मला पुस्तकात भेटला नाही. तो भेटला बाबांच्या गाडीच्या दरवाज्यावर.

झालं असं, की मागच्या वर्षी मला वायडी लागला. एफईवाल्यांना हा शब्द माहीत नसेल तर देव करो आणि माहीत न होवो. वायडी म्हणजे इयर डाउन. मित्रमैत्रिणी पुढच्या वर्गात आणि आपण घरी. रिझल्ट लागला त्या संध्याकाळी मी घरात कुणाला काही बोलले नाही. बाबांनी गाडी जरा पार्किंगमध्ये लाव म्हणून किल्ली दिली. माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. गाडी नीट लावली, पण उतरताना दरवाजा उघडला तो थेट सोसायटीच्या खांबावर. ठक्क! दरवाज्याच्या कडेचे रंगाचे दोन टवके उडाले. एक मुगाच्या दाण्याएवढा, दुसरा शेंगदाण्याएवढा.

म्हणजे आता लपवायच्या गोष्टी दोन झाल्या.

रिझल्टवर काही उपाय नव्हता. टवक्यांवर होता, निदान मला तसं वाटलं. गाडी गडद निळी, आणि माझ्याकडे जवळजवळ त्याच निळ्या रंगाची नेलपॉलिश होती. हसू नका. रात्री खाली जाऊन मोबाइलच्या उजेडात दोन्ही टवक्यांवर नेलपॉलिशचा एकेक जाड थेंब सोडला. सकाळी उन्हात पाहिलं तर गाडीला पुटकुळ्या आल्यासारखं दिसत होतं.

शेवटी आमच्या घरामागच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या पेंटरकाकांनी पुटकुळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता थिनरच्या बोळ्याने नेलपॉलिश पुसून काढली. मग म्हणाले की एवढ्याशा कामाचे पैसे काय घेऊ, तूच कर, मी दाखवतो. मी मेकॅनिकलला आहे हे त्यांना सांगितलं होतं. वायडीचं सांगितलं नव्हतं.

आता थोडा टेक्निकल भाग. गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, त्यावर विजेच्या मदतीने बसवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे फार तर दोन केसांएवढी. दगड लागून किंवा खांबाला आपटून टवका उडतो तेव्हा तो यातल्या कुठल्या थरापर्यंत गेलाय हे आधी बघायचं. नुसता वरचा रंग गेला असेल तर घाई नाही. पण पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यात गंज टवक्यापुरता थांबत नाही, रंगाच्या खालून पसरत जातो. माझा मुगाएवढा टवका प्रायमरवर थांबला होता. शेंगदाण्याएवढा पत्र्यापर्यंत गेला होता.

काकांनी खिशातून मास्किंग टेपचा रोल काढला. टेपचा तुकडा आधी स्वतःच्या पँटवर एकदा चिकटवून काढला (म्हणजे त्याचा चिकटपणा जरा उतरतो आणि चांगला रंग ओढला जात नाही) आणि मग टवक्याच्या चारही बाजूंनी चौकट केली. आत बारीक पेपर मारायचा, पुसायचं, पत्रा उघडा असेल तिथे प्रायमरचा ठिपका द्यायचा. वाळला की टचअपचा रंग पातळ लावायचा, पुन्हा वाळू द्यायचं, पुन्हा पातळ थर. एकच जाड थेंब टाकायचा नाही. रंग पूर्ण कडक व्हायच्या आत टेप स्वतःवर दुमडत हळू ओढायचा. मग क्लिअर कोट, आणि काही दिवसांनी २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायचा आणि शेवटी रबिंग कंपाउंड. वाचायला दोन मिनिटं लागतात. मला सहा सकाळी लागल्या, कारण निम्मा वेळ वाळायची वाट बघण्यात जातो.

असंच वाट बघत बसलेली असताना टेपचा रोल हातात फिरवत मी काकांना विचारलं की हा टेप नव्हता तेव्हा काय करायचे? काकांना माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं, आणि मला रिचर्ड ड्रू सापडला.

रिचर्ड गर्ली ड्रू. अमेरिकेत हा नामांकित संशोधक मानला जातो, तिथल्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आहे. आपल्याकडे नाव कुणाला सांगता येत नाही, पण त्याची वस्तू प्रत्येकाच्या कंपासपेटीत असते. मी त्याला अरे-तुरे करणार आहे, कारण या गोष्टीत तो बराच वेळ आपल्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा आहे.

जन्म २२ जून १८९९, मिनेसोटा राज्यातलं सेंट पॉल शहर. तरुणपणी हा बॅन्जो वाजवायचा, आणि तोही पैसे घेऊन, नाचाच्या कार्यक्रमांना साथ करणाऱ्या बँडमध्ये. मिनेसोटा विद्यापीठात त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि साधारण दीड वर्षाने शिक्षण सोडलं. म्हणजे आपल्या हिशोबाने एसईच्या मध्यावर!

हे वाचून मला जाम आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. कॉलेज सोडून मोठ्या झालेल्या लोकांची यादी आमच्या ग्रुपवर दर परीक्षेच्या आधी कुणीतरी टाकतंच. मी मनातल्या मनात ड्रूचं नाव त्या यादीत घातलंसुद्धा. पण पुढे वाचलं तेव्हा आनंद जरा कमी झाला. पठ्ठ्याने कॉलेज सोडलं, अभ्यास सोडला नव्हता. पोस्टाने मशीन डिझाइनचा कोर्स केला. आणि १९२१ मध्ये गावातल्या एका कंपनीला नोकरीसाठी जे पत्र लिहिलं, त्यात कुठलीही मिजास नव्हती. आपल्याला कारखान्याचा अनुभव नाही, अनुभव येईपर्यंत आपली किंमत फारशी नाही, तेव्हा द्याल तो पगार चालेल. अंगमेहनतीची सवय आहे, शेतावर ट्रॅक्टर चालवलाय, अशा अर्थाचं ते पत्र आहे. मी कॅम्पसचे रिझ्युमे पाहिलेत. त्यात आपण सगळे लीडर आणि टीम प्लेअर असतो. ट्रॅक्टर कुणी लिहीत नाही.

त्या कंपनीचं नाव मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे आजची थ्रीएम. तिची स्वतःची कुंडली ड्रूपेक्षा वाईट होती. १९०२ मध्ये लेक सुपीरियरच्या काठी पाच जणांनी, त्यात एक वकील, एक डॉक्टर, एक मटणाच्या दुकानाचा मालक आणि दोघं रेल्वेतले, खाण विकत घेतली. खाणीत कोरंडम आहे असा त्यांचा समज. कोरंडम म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण खनिज, घासकामाला उत्तम. निघाला भलताच मऊ दगड. मग बाहेरून खडे आणून सँडपेपर करायला लागले, तर १९१४ मध्ये स्पेनहून गार्नेटच्या गोण्या घेऊन आलेल्या जहाजात ऑलिव्ह तेलाची पिंपं फुटली. तेल लागलेले खडे कागदावर टिकेनात, गिऱ्हाइकांच्या हातात सँडपेपर नुसता कागद होऊन राहायचा. या फजितीनंतर १९१६ मध्ये कंपनीने पहिली प्रयोगशाळा काढली, ५ फूट बाय ११ फूट. आपल्या हॉस्टेलची बाथरूम बरी.

पण याच कंपनीकडे ड्रू यायच्या सुमारास एक चांगली वस्तू आली होती. फिलाडेल्फियाचा शाई बनवणारा फ्रान्सिस ओकी याने पाण्यात न विरघळणारा सँडपेपर तयार केला होता आणि त्याला वाळूखड्यांचे नमुने हवे होते. एक माणूस एवढेसे नमुने कशाला मागतोय अशी शंका कंपनीला आली, चौकशी केली आणि हक्कच विकत घेतले. १९२१ मध्ये तो वेटॉर्ड्राय नावाने बाजारात आला. आपल्याकडचा वॉटर पेपर याच जातीचा. त्या काळी गाडीच्या रंगात शिसं असायचं आणि कोरडं घासलं की ती धूळ कामगारांच्या छातीत जायची. पाण्याने घासल्यावर धूळ उडेना. मी सहाव्या सकाळी जो पेपर बादलीत बुडवून फिरवत होते त्यामागे हे कारण आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ड्रूचं काम होतं या सँडपेपरचे नमुने सेंट पॉलच्या गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजांत नेऊन द्यायचे आणि कसे चालतात ते बघायचं. थोडक्यात पोऱ्या.

आता १९२३. गाड्यांच्या रंगात तेव्हा मोठीच उलथापालथ चालली होती. आधी गाडी ब्रशने व्हार्निश मारून रंगवायचे, आणि सगळे थर वाळायला आठवडे लागायचे. मग ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्सनी नायट्रोसेल्युलोजची लॅकर आणली, ड्यूको. फवारायची, आणि तासांत वाळायची. १९२३ मध्येच ओकलंड नावाची निळी गाडी त्या रंगात आली. (नेलपॉलिश हीसुद्धा नायट्रोसेल्युलोजची लॅकरच असते. म्हणजे मी अगदी मूर्खपणा केला नव्हता, फक्त शंभर वर्षं उशीर केला.) रंग मिळाले तशी दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली. खाली एक रंग, वर दुसरा, मध्ये सरळ रेघ.

आणि ती रेघ हेच दुखणं होतं. पहिला रंग मारून झाला की तो झाकायचा आणि दुसरा फवारायचा. झाकायला टेप नव्हता. खाटकाकडचा जाड कागद, वर्तमानपत्र, ते चिकटवायला डिंक किंवा दवाखान्यातली चिकटपट्टी. कागद डिंकाने चिकटवला तर तो पाण्याने भिजवून खरवडावा लागे. दवाखान्याची पट्टी इतकी घट्ट बसायची की काढताना खालचा नवा रंग घेऊनच यायची. वर लॅकरमधलं सॉल्व्हंट कापडातून झिरपायचं आणि आतला चिकट थर विरघळवून टाकायचं. दिवसभर घासून, रंगवून, शेवटच्या मिनिटाला रंगाचा टवका! आणि मग टचअप, म्हणजे मी जे सहा दिवस करत होते ते रोज.

त्या दिवशी ड्रू सँडपेपर घेऊन गॅरेजमध्ये शिरला तेव्हा एका पेंटरच्या हातून हेच झालं होतं आणि तो जिवाच्या आकांताने शिव्या घालत होता. ड्रूचा याच्याशी काही संबंध नव्हता. तो सँडपेपरवाला. नमुना ठेवून निघून गेला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण तो थांबला आणि त्याने पेंटरला शब्द दिला की मी तुम्हाला असा टेप करून देतो जो चिकटेल आणि रंग न काढता निघेल.

कसा करणार याची त्याला काडीची कल्पना नव्हती. चिकट पदार्थांतलं शिक्षण शून्य. कंपनी टेप बनवत नव्हती. वय २४.

मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि त्याचीच भीतीही वाटते. मी अशी कबुली कधी देणार नाही. आम्हाला सवय उत्तर आधी माहीत असलेल्या प्रश्नांची. प्रॅक्टिकलला सुद्धा मागच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून रीडिंग उलटं काढायचं. (सर, हे वाचत असाल तर हे फक्त ऐकीव आहे.)

पुढची दोन वर्षं ड्रू डोकं आपटत राहिला. प्रश्न नीट बघा, कारण तो खरंच सुंदर प्रश्न आहे. टेप चिकटला पाहिजे, पण जास्त नाही. चिकट थराची स्वतःमधली पकड त्याच्या रंगावरच्या पकडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर टेप निघेल आणि चीक गाडीवर राहील. सॉल्व्हंटला दाद देता कामा नये. रोलमध्ये स्वतःच्या पाठीवर चिकटून बसता कामा नये. आणि मडगार्डच्या गोलाईवर वळला पाहिजे. त्याने वनस्पती तेलं घेतली, जवसाचं तेल घेतलं, राळी घेतल्या, च्युइंगगमचं चिकल घेतलं. शेवटी सुतार वापरतात तसल्या सरसात ग्लिसरीन घालून जमायला लागलं. ग्लिसरीनमुळे सरस कडक न होता ओला-चिकट राहतो.

पण कागद जुळेना. साधा कागद वळणावर सुरकुततो नाहीतर फाटतो. इथे कंपनीचा धीर सुटला. कारभार बघणारे विल्यम मॅकनाइट, हे स्वतः १९०७ मध्ये मदतनीस हिशेबनीस म्हणून लागलेले, त्यांनी ड्रूला बोलावून सांगितलं की हे टेपचं पुरे, सँडपेपरच्या कामाला लाग. ड्रू लागला. साधारण एक दिवस. मग त्याच्या डोक्यात आलं की कागद आधीच सुरकुतलेला असला तर? म्हणजे क्रेप पेपर, जो ओढला की ताणतो. तो परत प्रयोगशाळेत जाऊन टेपला भिडला. मॅकनाइट तिकडून जात होते, त्यांनी त्याला पाहिलं, आणि काही न बोलता पुढे गेले.

मी मॅकनाइटबद्दलही बराच विचार केला. बोलायचा पूर्ण हक्क असताना न बोलणं हेसुद्धा कौशल्यच असणार.

कागद मिळाला तर मशीन पाहिजे. ड्रूने कागदावर थर चढवायच्या मशीनसाठी पैसे मागितले. मॅकनाइटनी नाही म्हटलं. आता ड्रूला स्वतःच्या सहीने १०० डॉलरपर्यंतची खरेदी करायची मुभा होती. तेव्हा त्याने काय करावं? ९९ डॉलरची एक ऑर्डर. मग आणखी एक ९९ ची. मग आणखी एक. सुटे भाग येत गेले आणि मशीन उभं राहिलं! पुढे टेप जमल्यावर त्याने हे मॅकनाइटना स्वतः सांगितलं. त्यांनी त्याला काढलं नाही. उलट, माणसांना त्यांच्या कल्पनेमागे जायला थोडी मोकळीक द्यावी हे त्या कंपनीत पुढे धोरणच झालं. तिथे संशोधकांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरू देतात त्याचं मूळ मॅकनाइटच्या काळात आहे.

माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, हा सरळसरळ घोटाळा आहे, आणि टेप फसला असता तर ड्रूला घरी पाठवलं असतं. तिचं बरोबर आहे. मी त्या ९९ डॉलरांचं कौतुक करत नाहीये. मला अडलं ते पुढे: त्याने सांगितलं का? तसंच गपचूप ठेवता आलं असतं की.

१९२५ मध्ये मास्किंग टेप बाजारात आला. तपकिरी क्रेप कागद, दोन इंच रुंद. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्याची एक गोष्ट सांगतात. चीक फक्त दोन्ही कडांना लावला होता, मध्ये कोरा. पेंटरने लावला, रंगाच्या वजनाने टेप गळून पडला. पेंटर वैतागून म्हणाला की तुझ्या त्या स्कॉच साहेबांना सांग, चीक पूर्ण लावा. स्कॉच म्हणजे स्कॉटिश, आणि त्या काळी तिकडे स्कॉटिश म्हणजे कंजूष असा चिडवण्याचा प्रकार होता. चीक पूर्ण लागला, आणि शिवी टेपचं नाव होऊन बसली: स्कॉच टेप. मी पुण्याची असल्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

इथपर्यंतच ड्रूची गोष्ट संपली असती तरी पेंटरकाकांच्या खिशात तो कायम राहिला असता. पण १९२९ मध्ये रेल्वेच्या थंड डब्यांसाठी उष्णतारोधक पाट बनवणाऱ्या एका कंपनीला ओल आत जाणार नाही असं आवरण हवं होतं. त्याच सुमारास ड्रूच्या हातात सेलोफेन आलं, पारदर्शक, ओल न धरणारं. यावरच चीक लावला तर? ऐकायला सोपं. सेलोफेन उष्णतेने गुंडाळायचं, मशीनमध्ये फाटायचं, चीक सारखा पसरायचा नाही, आणि पसरला तर पिवळट दिसायचा. वाया गेलेल्या सेलोफेनचे ढीग लागले. शेवटी आधी एक अस्तराचा थर द्यायचा आणि मग रबर, तेल, राळ यांचा बिनरंगी चीक चढवायचा असं जमलं. ८ सप्टेंबर १९३० ला पहिला रोल शिकागोच्या एका गिऱ्हाइकाला गेला.

आणि वेळ बघा कसली. अमेरिकेत महामंदी सुरू झालेली. बेकऱ्यांची पाकिटं बंद करायला टेप लागेल असा कंपनीचा अंदाज होता, तेवढ्यात सेलोफेन उष्णतेने चिकटवायची रीत निघाली आणि तो धंदा हुकला. पण लोकांकडे नवं घ्यायला पैसे नव्हते. ते जुनं जोडत होते. फाटलेली पुस्तकं, पडदे, खेळणी, फाटक्या नोटा. टेप खपत राहिला. १९३२ मध्ये कंपनीतल्याच जॉन बॉर्डनने टेपला पातं असलेलं स्टँड दिलं, नाहीतर तेव्हाही सगळे आपल्यासारखे नखाने टोक शोधत बसायचे. आपण त्याला सेलोटेप म्हणतो, ते मात्र १९३७ मधल्या ब्रिटिश कंपनीचं नाव.

बाकीचं आयुष्य भराभर सांगते, कारण यशस्वी माणसाची नोकरी वाचायला तशी बोअरच. १९४३ मध्ये ड्रूने कंपनीत स्वतःची वेगळी प्रयोगशाळा काढली. दुसऱ्या विभागांत न रमलेली माणसं तो तिथे गोळा करायचा आणि आपल्यावर जसं कुणी लक्ष ठेवलं नाही तसंच त्यांच्यावर ठेवायचा नाही. रात्री चमकणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्यांचा पत्रा, धुळीचे मास्क, आणि सलाईन लावल्यावर हाताला लावतात ती कागदी मायक्रोपोर पट्टी, या सगळ्यांत त्या प्रयोगशाळेचं काम आहे. १९२३ मध्ये गाडीला दवाखान्याची पट्टी लावत होते म्हणून रंग निघत होता. शेवटी कातडी न ओढता निघणारी पट्टी याच माणसाच्या प्रयोगशाळेने दवाखान्याला दिली. त्याच्या नावावर ३० पेटंट. १९६२ मध्ये निवृत्त झाला. १४ डिसेंबर १९८० ला कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे गेला, वय ८१. इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव २००७ मध्ये घेतलं, म्हणजे ते बघायला तो नव्हता.

सहाव्या सकाळी कंपाउंड मारून झाल्यावर मी गाडी घरी आणली. बाबा खाली उभे होते. मी आधी टवक्यांचं सांगितलं, कारण ते सोपं होतं, आणि दाखवायला काम होतं. त्यांनी वाकून बोट फिरवलं. मग त्याच दमात रिझल्टचं सांगितलं. बाबा किती तरी वेळ दरवाज्याच्या कडेकडेच बघत राहिले. मग विचारलं की विषय किती राहिलेत, आणि एम-थ्री धरून का. मी हो म्हटलं. रिझल्टचं त्यांना चौथ्याच दिवशी कळलं होतं, त्यांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी मुलगा माझ्याच वर्गात. आणि टवके तर दुसऱ्याच दिवशी दिसले होते. नेलपॉलिश कसली होती ते आईने ओळखलं होतं.

मुगाएवढा टवका आता शोधूनही सापडत नाही. शेंगदाण्याएवढा सापडतो, संध्याकाळचं तिरकं ऊन आलं की कडेला एक फिकट रेघ दिसते. काका म्हणतात, शेवटच्या थराला टेप काढायला मी उशीर केला.